कोरी ओळ

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. लवकर येतो, लवकर जातो, पण मधल्या वेळात मी काय करून बसेन याचा नेम नाही. त्या वर्षी रागाच्या भरात मी प्रोग्राम तपासायची एक टेस्ट ढिली करून ठेवली, आणि महिनाभर कुणाला पत्ता लागला नाही. पकडली कुणी, तर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. कंप्युटर चालू कुठून करतात हेही त्यांना माहीत नव्हतं, आणि तेव्हा पाच महिने झाले होते, त्यांच्या तोंडातून एक धड शब्द निघालेला नव्हता.

अण्णा तहसील कचेरीत नक्कल शाखेला होते. काही वर्षं पाथरीला, बाकी सगळी सेलूला. लोक जुन्या कागदाची नक्कल मागायचे, अण्णा मूळ कागद समोर ठेवून ती उतरवून काढायचे. पण उतरवणं म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे मुकाबला. शिक्क्यावर ‘रुजवात घेणार’ असं शुद्ध मराठीत लिहिलेलं असे, पण कचेरीत सगळ्यांच्या तोंडी जुना शब्दच होता. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, समोरच्यानं नक्कल हातात धरून ओळीओळीला पेन्सिलीनं खूण करायची. शाळा सुटली की मी दप्तर घेऊन थेट कचेरीच्या व्हरांड्यात जायची आणि पायरीवर बसून हे ऐकत राहायची. अण्णा आणि त्यांचे जोडीदार कारकून समोरासमोर, मधे एक टेबल. सूर असा की जणू दोघं मिळून आरती म्हणायलेत. “सबब अर्जदार, स्वल्पविराम. खोडलेलं एक. शिक्का, पुसट.” आणि मधेच, “कोरं.”

मूळ कागदात जागा मोकळी असली की वाचणाऱ्यानं म्हणायचं, कोरं. समोरच्यानं आपल्या कागदावर बघून उलट म्हणायचं, कोरं. दोघांनी म्हटल्याशिवाय पुढं जायचं नाही. आणि शेवटापर्यंत पोचलं की कागदांची अदलाबदल करून पुन्हा पहिल्यापासून. ज्यानं नक्कल धरली होती त्यानं आता मूळ धरायचं. मला हे सगळं लय येडपटपणाचं वाटायचं. एकदा घरी येताना सायकलच्या दांडीवर बसून मी विचारलं, “अण्णा, जिथं काही लिहिलेलंच न्हाई, तिथं वाचायचं काय?”

“कुणीतरी ती जागा सोडलेली असती, बाळ. ती बी नोंदच हाय.”

“आणि उलटं कशाला वाचायचं परत?”

“पहिल्यांदा वाचताना आपलं लक्ष असतं, नक्कल बरोबर हाय का इकडं. मूळ बरोबर वाचलं का, हे कोण बघणार मग? तुझा मामा?”

मामाला मधे आणल्याशिवाय अण्णांचं वाक्य पुरं होत नसे. आई चिडायची, म्हणून तर आणायचे.

पुढं मी शिकले, पुण्यात एका कंपनीत प्रोग्राम लिहायला लागले. अण्णा निवृत्त झाले, आणि दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करता करता त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय जेमतेम वाचला, वाचा गेली. मी लॅपटॉप उचलून सेलूला आले ते आले. स्टेशनाकडच्या बाजूला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत अण्णांची खाट, मागच्या खोलीत खिडकीपाशी माझं टेबल, आणि स्वयंपाकघरातून दोघांवर नजर ठेवून आई.

डॉक्टर म्हणाले होते, समजतं सगळं त्यांना, फक्त शब्द सापडत नाही. आणि पहिले सहा-आठ महिने मेहनत घ्या, तेवढ्यात येईल ते येईल. नंतर अवघड होत जातं. हे वाक्य आईनं मनात धरून ठेवलं होतं. कॅलेंडरकडे बघताना तिचा चेहरा बदलायचा ते मला कळायचं. रोज सकाळी ती त्यांच्यापुढं चहा धरायची आणि म्हणायची, “काय म्हणता?” झटक्याआधी याला उत्तर ठरलेलं असायचं: “साखर कमी पडली.” भले पाक झालेला असो. आता अण्णा नुसते बघायचे, तोंड उघडायचे, आणि घशातून काहीतरी आवाज निघून विरून जायचा. मग ती घाईनं म्हणायची, “राहू द्या, राहू द्या.”

आणि मी? मी तर त्याहून वरताण. त्यांनी तोंड उघडलं की मी सुरू. “पाणी? चहा? पंखा? उशी? बाहेर जायचंय?” बसस्टँडवरचा फेरीवाला बरा. कुठल्यातरी एका शब्दाला ते मान हलवायचे, मला वाटायचं आपण जिंकलो. खरं म्हणजे ते कंटाळून मान हलवायचे. आई एकदा म्हणाली, “अगं, त्यांना तरी बोलू दे.” मी तिच्यावरच खेकसले, की त्यांना येत असतं तर बोलले नसते का. अण्णा ऐकत होते. त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते.

त्याच दिवसांत ती टेस्ट लिहिली. आमची कंपनी शाळांसाठी काम करायची. जुन्या रजिस्टरातली विद्यार्थ्यांची नोंद एकदा टाईप केली, की आमचा प्रोग्राम त्यावरून उतारा तयार करणार. उताऱ्याचा फॉर्म आधीच छापलेला: नाव, आईचं नाव, गाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, इयत्ता. प्रोग्रामनं फक्त समोरचा मजकूर द्यायचा, ओळीखाली ओळ, म्हणजे ज्याच्या त्याच्या घरात तो छापला जाईल. हे लोक घेऊन जाणार जातीच्या दाखल्याला, नोकरीला, पेन्शनला. चूक चालणार नव्हती, म्हणून टेस्ट.

टेस्ट म्हणजे काय, तर मुकाबलाच. प्रोग्रामनं काय लिहायला पाहिजे ते मी एका फाइलीत स्वतःच्या हातानं लिहून ठेवते. ते मूळ. प्रोग्राम चालवला की तो आपली फाइल लिहितो. ती नक्कल. मग दोन्ही फाइली उघडून आतला मजकूर वाचायचा, आणि एका ओळीत ठणकावून म्हणायचं, की हे आणि ते सारखं आहे. सारखं निघालं तर हिरवी खूण, नाही निघालं तर लाल.

माझी लाल येत होती. डोळ्याला दोन्ही फाइली सारख्या, तरी लाल. दिवसभर डोकं आपटल्यावर कळलं, की माझा कंप्युटर ओळ संपवताना एक खूण करतो आणि प्रोग्राम जिथं चालतो तो ऑफिसातला दुसरीच. कागदावर न दिसणारी खूण, आणि तिच्यापायी माझा दिवस गेला. त्यात अण्णांनी खाटेजवळ ठेवलेली घंटी दोनदा वाजवली होती, आणि दोन्ही वेळा त्यांना काय हवंय ते मला कळलं नव्हतं. माझं टाळकं सरकलं. मी लिहून टाकलं: तुलना करायच्या आधी दोन्ही फाइलींमधून ओळी संपायच्या खुणा आणि सगळ्या रिकाम्या ओळी फेकून द्या, मग उरेल ते ताडून बघा. झाली हिरवी. आईला म्हणाले, चहा टाक, सुटले एकदाची.

परभणीला बोलणं शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. दर आठवड्याला आम्ही रेल्वेनं अण्णांना घेऊन जायचो. मॅडम वयानं लहान आणि स्वभावानं गोड. त्यांनी चित्रांचे पत्ते काढले. कप. मांजर. चावी. “काका, हे काय आहे?” अण्णांनी मांजराकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि डाव्या हातानं पत्ता पालथा घातला. दुसरा पालथा घातला. तिसरा तर टेबलाखालीच गेला. मला हसू आलं आणि रडूही आलं. तीस वर्षं सरकारी कागदावर सही करणाऱ्या माणसाला तुम्ही मांजर दाखवता?

मॅडमना राग आला नाही. त्या म्हणाल्या, “मग त्यांना ज्याची सवय आहे ते काढा. रोज करून करून पाठ झालेलं काही. तसले शब्द कधी कधी आधी परत येतात.”

परतीच्या गाडीत मला सुचलं. पण मूळ आणि नक्कल अशी जोडी घरात आणायची कुठून? कचेरीचा कागद अण्णांनी आयुष्यात घरी आणलेला नव्हता. मग लक्षात आलं, माझ्याकडे दुसरं आहे काय? दुसऱ्या दिवशी टेस्टच्या त्या दोन्ही फाइली मी स्टेशनाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणल्या. एक माझ्या हातची, एक प्रोग्रामच्या हातची. पाच-सहा मुलामुलींच्या नोंदी, मीच मनानं रचलेल्या.

दुपारचे चार वाजले होते. आई गिरणीवर दळण आणायला गेली होती. मी अण्णांना खुर्चीत बसवलं, पुढं टेबल ओढलं, नक्कल समोर ठेवली आणि डाव्या हातात पेन्सिल दिली. “अण्णा, मुकाबला,” म्हणाले. त्यांनी कागद पाहिला, तर्जनीनं त्याची कड सरळ केली. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. झटक्यानंतर त्यांनी मला असं पहिल्यांदा पाहिलं, जसं मी उशिरा आलेली कारकून आहे.

मी वाचायला लागले. नाव. खूण. आईचं नाव. खूण. डाव्या हातानं ती खूण वाकडी पडायची, पण प्रत्येक ओळीला पडायची, आणि तिच्याबरोबर एक “हं” यायचा. मी शेवटपर्यंत वाचत गेले. सगळ्या ओळींना खुणा. मला वाटलं झालं, छान झालं, आता चहा करावा. तर अण्णांनी आपला कागद माझ्याकडे सरकवला आणि माझ्या हातातला मागायला हात पुढं केला.

अदलाबदल. मी साफ विसरले होते.

आता मूळ त्यांच्यापुढं, नक्कल माझ्या हातात. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तिसऱ्या मुलीपाशी आलो. नाव, खूण. आईचं नाव, खूण. गाव, खूण. “पंधरा जून,” मी वाचलं. खूण नाही. पेन्सिल थांबलेली. मी परत वाचलं, जरा मोठ्यानं. अण्णांनी मान हलवली, नाही.

“काय झालं? दमलात का? पाणी देऊ? पंखा लावू?”

त्यांनी तळहात टेबलावर असा आपटला की पेन्सिल उडाली. डोळे माझ्यावर रोखलेले. ती नजर मी व्हरांड्यातल्या पायरीवरून कितीदा पाहिली होती, समोरचा कारकून ओळ खाऊन पुढं गेला की यायची ती. मी गप्प बसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा मी खरोखर गप्प बसले, हात मांडीवर ठेवून. त्यांनी तोंड उघडलं. काही आलं नाही. मानेची शीर फुगली. जिभेवर पाणी, चहा, सगळं येत होतं माझ्या, पण मी ओठ दाबून धरले. बाहेर मालगाडी गेली, पुरती गेली, तरी आम्ही तसेच.

“को,” अण्णा म्हणाले. श्वास घेतला. “को… रं.”

आता रीत अशी, की समोरच्यानंही म्हणायचं. मी उत्तर द्यायला कागदात बघितलं, आणि माझ्या कागदावर कोरं नव्हतंच! गावाच्या खाली लगेच पंधरा जून. अण्णांचं बोट त्यांच्या कागदावर एका मोकळ्या ओळीवर टेकलेलं. “कोरं,” ते परत म्हणाले, आता आणखी स्पष्ट, आणि माझ्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत बसले.

ती ओळ मीच मोकळी ठेवली होती. आमच्याकडच्या जुन्या रजिस्टरात अशा जागा कितीतरी. आईबाप ऊसतोडीहून पोरं घेऊन परत यायचे, शाळेत आणून घालायचे, जन्मतारीख कुणाला ठाऊक? गुरुजी म्हणायचे नंतर लिहू, आणि ती राहायची ती राहायचीच. म्हणून मुद्दाम रचलेल्या एका मुलीची जन्मतारीख मी कोरी सोडली होती. आमच्या प्रोग्रामनं ती कोरी ओळ गिळली होती. खालची ओळ वर सरकली आणि पोरगी शाळेत दाखल झाली ती तारीख तिच्या जन्मतारखेच्या घरात जाऊन बसली. टेस्टनं हे पकडायला पाहिजे होतं. पण तिला तर मीच सांगून ठेवलं होतं, की दोन्हीकडच्या कोऱ्या ओळी फेकून दे आणि मग बघ. आणि पहिल्यांदा वाचताना माझ्या जिभेनंही तेच केलं होतं. मोकळी ओळ आली, न बोलता पुढं गेले.

सोमवारपासून शाळांमधून खरे उतारे छापले जाणार होते.

पण खरं सांगते, तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी उठून अण्णांच्या गळ्यात पडले. ते मला ढकलायलेत, कागदाकडे बोट दाखवायलेत, कारण मुकाबला अर्धवट राहिला होता. तेवढ्यात आई डोक्यावर डबा घेऊन दारात. मी ओरडले, “आई, अण्णा बोलले! अण्णा, म्हणा, परत म्हणा!” अण्णांनी आईकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि काही नाही. पुन्हा प्रयत्न केला, नाही. मग मान फिरवून खिडकीकडे बघत बसले.

“असू दे,” आई म्हणाली. “पाच महिने उशाशी मी हाय, आणि बोलले ते कागदाशी. कचेरीचंच माणूस ते.” हसत म्हणाली. पण मग पिठाचा डबा ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी मी ती ढिली ओळ काढून टाकली. फेकणं नाही, सारवणं नाही. फाइलीत जे आहे ते जसंच्या तसं, कोऱ्याला कोरं लावून बघायचं. टेस्ट लालभडक झाली, आणि लाल बघून मला जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं. मग प्रोग्राम दुरुस्त केला. ओळ संपायच्या खुणेचं भांडणही नीट मिटवलं, कुठल्याही कंप्युटरवर प्रोग्राम एकच खूण करील असं सांगून. ते पहिल्याच दिवशी करता आलं असतं, डोकं थंड असतं तर. पुण्यातल्या माझ्या साहेबाला फोन करून सगळं कबूल केलं. तो म्हणाला, “बापरे! म्हणजे पोरगी जन्मली त्याच दिवशी शाळेत? कुणी पकडलं?”

“आमच्या नक्कल शाखेनं,” मी म्हणाले.

मग तो रोजचा नेमच झाला. चार वाजले की टेबल, पेन्सिल, दोन कागद. मी नवनवीन नोंदी रचायची आणि त्यात मुद्दाम कोऱ्या ओळी पेरायची. ‘कोरं’ पक्कं झालं. मग ‘खूण’ आलं, ‘चूक’ आलं. ‘चूक’ तर फार लवकर आलं आणि फार आवडीनं. पण सगळं त्या टेबलापुरतंच. कागद उचलले की पुन्हा शांत. सकाळी आई चहा धरून विचारायची, काय म्हणता, आणि ते बघत राहायचे. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत आले होते. आता आईनं कॅलेंडरकडे बघणंच सोडून दिलं होतं.

एके दिवशी चार वाजले तरी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये अडकलेली. दारातून मला दिसत होतं, अण्णा पेन्सिल घेऊन तयार बसलेले, घड्याळाकडे बघायलेत. आई आली, पदराला हात पुसले, आणि माझ्या खुर्चीत बसली. “द्या इकडं,” म्हणाली. “चौथी शिकलेय मी. काय समजलात?”

तिनं मूळ कागद धरला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचायला लागली. नाव. खूण. आईचं नाव वाचायला तिला जरा वेळ लागला. खूण. गाव. मग ती थांबली. बोट मोकळ्या ओळीवर. तिला वाटलं असेल आपलंच काही चुकलं.

“इथं काईच न्हाई,” ती बारीक आवाजात म्हणाली.

“कोरं,” अण्णा म्हणाले.

आई कागदाकडेच बघत राहिली. मी आतून तोंडावर हात धरला.

“म्हण,” अण्णा म्हणाले. कागदाकडे नाही, तिच्याकडे बघून.

“कोरं,” आई म्हणाली.

त्यांनी खूण केली. आई पुढं वाचेना. अण्णांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मी वाट पाहिली. आईनंही पाहिली, राहू द्या म्हणाली नाही.

“पुढं,” अण्णा म्हणाले. “पुढं… वाच.”

“वाचायलेय की,” आई म्हणाली. “गाडी सुटायली का तुमची?” आणि पदरानं डोळे पुसून तिनं चुकून वरचीच, गावाची ओळ पुन्हा वाचली. अण्णांनी ती चूक धरली नाही. गावापुढं त्यांनी दुसऱ्यांदा खूण केली.